डेंग्यूचं मूळ कडुलिंबात नाही, रांजणात आहे

गेले काही दिवस कॉलन्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. झाडांमुळे डास आणि डेंग्यू होतो, झाडं रात्री विषारी वायू सोडतात, परागकणांनी दमा होतो, आणि टंचाईच्या भागात बाग ही चैन आहे. म्हणून खुल्या जागेतली झाडं काढून पेव्हर ब्लॉक बसवा. तो आईच्या फोनवर आला आणि तिने संध्याकाळी बागेत जाणं बंद केलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी डास, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने होणार आहे. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. साहजिकच घरोघरी रांजण, ड्रम, हौद भरलेले. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस, उकाड्यात त्याहून कमी. नळ आला की आपण जुन्या पाण्यावरच नवं ओततो आणि अळीला हवे तेवढे दिवस मिळतात.

रांजण रिकामा करून आत बॅटरी मारून बघा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला काळे बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती अंडी असू शकतात. नुसतं पाणी फेकून ती जात नाहीत. कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं आतून काथ्याने खसाखसा घासायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं, मग भरून तोंडाला कापड बांधायचं. रिकामा न करता येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. कूलरची टाकी आणि फ्रिजमागचा ट्रे विसरू नका. हे सोडून लिंब तोडला तर डेंग्यू आहे तिथेच राहील, वर सावलीही जाईल.

एवढं मात्र मान्य: झाडाच्या ढोलीत पाणी साचलं तर तिथेही एडिसची एक जात वाढते. त्यावर उपाय ढोली मातीने बुजवणं हा आहे. बागेत टाकलेले टायर आणि करवंट्याही उचला.

विषारी वायूचं म्हणाल तर झाड रात्री श्वास घेतं, तसा शेजारी झोपलेला माणूसही घेतो आणि झाडासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसं लिंबाखाली बाज टाकून झोपली. आईने बागेत खुशाल जावं.

परागकणांत थोडं तथ्य आहे. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, दम्याच्या रुग्णाला त्रासही होतो. पण ते फोफावतं मोकळ्या, उकरलेल्या जागेत. झाडाच्या दाट सावलीत त्याचा जोर कमी असतो. पावसानंतर, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं.

पाण्याबद्दल: लॉन खरंच पाणी पितं, उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटरच्या आसपास. मग लॉन कमी करा. लिंब, करंज, चिंच यांना पहिली २-३ वर्षं आठवड्याला १५-२० लिटर आणि बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन दिलं की पुढे ती आपली आपण जगतात. पेव्हर ब्लॉक मात्र दिवसभर तापतात आणि रात्री ती धग सोडत राहतात. उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्यांना नेमकी रात्रीची विश्रांतीच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१६ च्या अहवालात घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी असं सुचवलं आहे, आणि हृदयविकार, मधुमेह, मानसिक आरोग्य या सगळ्यांशी तिचा संबंध दाखवणारे अभ्यास मांडले आहेत. इथे आपण आहे ती जागाही झाकायला निघालोय.

शिवाय शहरातलं झाड मनाला आलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

ब्लॉक आधीच बसवले असतील तर बुंध्याभोवती चारही बाजूंनी मीटरभर काढून टाका, खालचं सिमेंट मुळं न दुखवता फोडा आणि तिथे पाचोळा भरा. परत सिमेंटचा पार बांधू नका, मुळांना पाणी-हवा मिळत नाही आणि वादळात तेच झाड मुळासकट आडवं होतं.