आपल्या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर: माप आमचे चुकले, सायकलीचा प्रकार चुकलेला नाही

सप्रेम नमस्कार.

बावीस वर्षांनी पुन्हा सायकल चालवायचे ठरवून आपण आमच्या कोथरूडच्या दुकानातून माउंटन बाइक घेतली आणि दोन महिन्यांतच मनगटे, मान व कंबर दुखू लागल्याने ती घरात उभी करून ठेवावी लागली, असे आपण लिहिले आहे. मागच्या चाकालाही शॉकअप असलेली सायकल मागितली असताना फक्त पुढे शॉकअप असलेली हार्डटेल दिली, पुढे पॅडलपाशी एकच दातेरी चक्र असल्याने सिंहगडाच्या चढावर गिअर पुरत नाहीत, आणि विक्रेत्याने "या वयात हायब्रिड (मुख्यतः रस्त्यावर चालवायची सायकल) बरी" असे सुनावले, या आपल्या इतर तीन तक्रारी आहेत. आपले बिल व त्या दिवशीची नोंद पाहून आणि विक्रेत्याशी बोलून मी हे उत्तर लिहीत आहे.

माप आमचे चुकले. 5 फूट 7 इंच उंचीला या सायकलीची मीडियम फ्रेम योग्य होती; ती त्या रविवारी शिल्लक नव्हती, आणि पंधरा दिवस थांबा असे सांगण्याऐवजी आपल्याला लार्ज देण्यात आली. "स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड लावला की जमेल" हे विक्रेत्याचे म्हणणे आपल्या कॉलेजच्या काळातील सायकलींना लागू पडले असते. त्या 26 इंची चाकांच्या सायकलींचा स्टेम 100 ते 120 मिलिमीटर लांब असे, त्यामुळे तो बदलून हँडल बरेच जवळ आणता येई. आताच्या सायकलींची फ्रेमच पुढच्या बाजूला लांब असते, हँडल त्या काळापेक्षा खूप रुंद असते आणि स्टेम मुळातच आखूड असतो. आपल्या सायकलीचा 50 मिलिमीटरचा आहे, त्यातून कमी करण्यासारखे काही उरतच नाही. परिणामी आपण दोन महिने हात ताणून, शरीराचा भार तळव्यांवर टाकून सायकल चालवलीत. ते दुखणे सरावाने जाणारे नव्हते.

त्यात आणखी एक हलगर्जी झाली, तिचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही, पण तो मी करायलाच हवा. सायकल दुकानातून बाहेर पडली तेव्हा टायरमध्ये 50 पीएसआय हवा होती. आपल्या वजनाला आणि 2.25 इंच रुंदीच्या ट्यूबवाल्या टायरला साधारण 30 पुरेशी आहे. पुढच्या शॉकअपमधील हवाही कारखान्यातून आली तशीच राहिली. स्वार सीटवर बसल्यावर 120 मिलिमीटरचा शॉकअप 25 ते 30 मिलिमीटर खाली दबला पाहिजे; तो दबतच नसेल, तर खडीचा प्रत्येक धक्का थेट मनगटात येतो. शॉकअपचा पंप लावून हे जुळवायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे आम्ही दिली नाहीत.

वयाविषयीच्या उद्गारांबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. इतक्या वर्षांनी पुन्हा सायकलीवर बसायला निघालेल्या माणसाला दुकानात हे ऐकावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

हार्डटेलच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. खडकवासल्यावरून डोणजे, पानशेतच्या बाजूचे कच्चे रस्ते आणि एखाद्या रविवारी सिंहगडाचा घाट, असा वापर आपण सांगितला होता. तेवढ्यासाठी पुढचा शॉकअप आणि रुंद टायर पुरेसे आहेत. आपल्या अंदाजपत्रकात दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल बाजारात मिळते, हे खरे. पण त्या किमतीत मागचा शॉक म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग असते, ती चढावर प्रत्येक पॅडलसरशी हेलकावे देते, आणि सायकलीचे वजन काही किलोंनी वाढते ते वेगळेच. शिवाय मागच्या सांध्यांच्या बेअरिंगमध्ये आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल गेला की ती वारंवार उघडावी लागतात. नफा अधिक असला तरी मी ती आपल्याला सुचवली नसती.

गिअरबद्दलचा गैरसमज आम्हीच दूर करायला हवा होता. जुन्या सायकलीत पुढे सर्वांत लहान चक्र 28 दात्यांचे आणि मागे सर्वांत मोठे 28 दात्यांचे धरले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2 मीटर पुढे जाई. आपल्या आताच्या सायकलीत पुढे 32 आणि मागे 51 दाते आहेत, म्हणून चाक 29 इंची असूनही एका फेऱ्यात ती सुमारे 1.4 मीटरच जाते. म्हणजे चढासाठी आपल्याकडे पूर्वीपेक्षा बराच हलका गिअर आहे, मात्र तो उजव्या हाताच्या खटक्याने, चढ लागण्याआधीच घ्यावा लागतो, हे कोणी दाखवले नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण सीट खाली ठेवायला सांगितलीत आणि आम्ही तशीच ठेवली. त्या उंचीवर पाय पुरता सरळ होत नाही, मांड्या लवकर भरून येतात आणि गुडघ्यांवर ताण पडतो. खाली गेलेल्या पॅडलवर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर हवी; थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय आठवडाभरात होते.

मीडियम फ्रेमची तीच सायकल मी आपल्या नावे बाजूला ठेवली आहे. जुनी परत घेताना वापरापोटी एक रुपयाही कापला जाणार नाही. योग्य मापाची सायकल महिनाभर चालवूनही दुखणे राहिले, तर पूर्ण रक्कम परत मिळेल. रविवारी गर्दी असते, म्हणून मंगळवार ते शुक्रवारपैकी एखाद्या सकाळी यावे, ज्या बुटांनी सायकल चालवता तेच घालून यावे. हवा, शॉकअप आणि सीट मी स्वतः जुळवून देईन आणि शेजारच्या चढावर गिअर दाखवायला आपल्याबरोबर येईन.