कोणता ब्रास, ते आधी बोला!

या ब्रासच्या मापापायी डोकं फिरलंय माझं. चोपड्याजवळ गावी आमच्या घरापुढचं अंगण 40 बाय 30. सगळी काळी माती. मिरगाचा पाऊस पडला की चप्पल रुतून बसते. गेल्या वर्षी आई त्याच गाऱ्यात घसरून पडली, दोन महिने खाटेवर होती. म्हणून यंदा वैशाखातच मुरूम टाकायचं ठरवलं. ट्रॅक्टरवाल्याने पावलांनी अंगण मोजलं आणि सांगून टाकलं, "बाराशे फूट म्हणजे बारा ब्रास. बारा ब्रास मुरूम लागी, नाना." वडील हो म्हणून मोकळे!

अरे, कसा लागेल? फरशी बसवायची, प्लास्टर करायची मजुरी ठरते तो ब्रास 100 चौरस फुटांचा. वाळू, खडी, मुरूम विकतात तो ब्रास 100 घनफुटांचा, 2.83 घनमीटर. नाव एकच, पण एकात जाडीचा संबंधच नाही आणि दुसऱ्यात सगळा खेळ जाडीचा. बारा ब्रास जागेत बारा ब्रास मुरूम पसरला तर फूटभर थर होतो. आमचा उंबरठा आठ इंच उंच, पावसाचं पाणी सरळ घरात! आम्हाला हवा होता सहा इंच. 1200 चौरस फुटांना अर्ध्या फुटाने गुणा, 600 घनफूट. सहा ब्रास. पाणी मारून रोलर फिरवला की सुटा मुरूम दबतो, म्हणून वर दोन धरा. आठ झाले. बारा कुठून आणले?

आणि ते बारा तरी पुरते आले का? एका ट्रॉलीचा एक ब्रास म्हणे. मी शनिवारी जळगावहून पोचलो तेव्हा शेवटची ट्रॉली रिकामी होत होती. फाळका उघडा होता, तसाच आत चढून टेप लावला. लांबी 10 फूट, रुंदी 5, उंची दीड. 75 घनफूट! काठोकाठ भरली तरी पाऊण ब्रासच. बारा ट्रॉल्यांचे झाले नऊ ब्रास, पैसे घेतले बाराचे. तोंडावर हिशेब मांडला तर म्हणतो, "भाऊ, आमच्याकडे असाच ब्रास चालतो."

असाच म्हणजे कसा? शंभराचा पंचाहत्तर करून? वडिलांनी तो पैसा हरभरा विकून बाजूला ठेवला होता. मजुरी ठरवताना मिस्त्री चौरस फुटाचा ब्रास बोलतो, माल टाकताना ट्रॅक्टरवाला ट्रॉलीचा बोलतो, आणि पावतीवर नुसतं "12 ब्रास". लांबी नाही, रुंदी नाही, जाडी तर नाहीच. म्हातारा माणूस विचारणार तरी काय?

तीन ब्रासचे पैसे परत मागितलेत. चार दिवस झाले, फोन उचलत नाही. उद्या टेप घेऊन त्याच्या दारात जातोय, नानांनाही सोबत नेतोय.