शॉक बसलेला पर्यटक

पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी रात्रपाळीला इंग्रजी बातम्यांची मराठी करतो. बायकोच्या मते बसल्या जागेचं सोपं काम. एकदा येऊन बसावं तिनं.

इंग्रजीतली चूक इंग्रजीत खपून जाते हो. मराठीत आणायला गेलं की ती दात विचकते. परवा कळंगुटहून बातमी आली : शॅकमध्ये पर्यटक 'इलेक्ट्रोक्यूट' झाला, प्रकृती स्थिर. 'इलेक्ट्रिक' आणि 'एक्झिक्यूट' यांची सोयरीक होऊन हा शब्द जन्मला, तो अमेरिकेतल्या विजेच्या खुर्चीच्या काळात. १८९० साली न्यूयॉर्क राज्यात विल्यम केमलरला त्या खुर्चीत बसवून देहदंड दिला, तो पहिला. म्हणजे मुळात माणूस गेल्याशिवाय हे क्रियापद लावायचं नाही. हल्लीचे कोश जखमींनाही त्यात घेतात, पण मी पडलो जुन्या वळणाचा. हात सवयीनं चालला : 'शॉक बसून ठार झालेल्या पर्यटकाची प्रकृती स्थिर'. वाचलं आणि वार्ताहराला फोन लावला.

"अरे, मेला की जिवंत?"

"बरो आसा, भाई. आत्ताच चहा घेतला."

पुढची बातमी, हेल्मेटचे नियम 'फ्लाँट' करणाऱ्यांची गय नाही. धुडकावणं म्हणजे 'फ्लाउट'; 'फ्लाँट' म्हणजे मिरवणं. पण हेल्मेट कोपरात अडकवून ऐटीत मांडवी पूल ओलांडणारे आठवले आणि मी पेन्सिल खाली ठेवली. खेळाच्या पानावर तर 'लूझ'मध्ये एक 'ओ' जास्त पडतो आणि फातोर्ड्याचा संघ सामना हरायचा सोडून सैल करतो.

'प्रीपोन'ला मात्र हसू नये. ऑक्सफर्डच्या कोशानंही त्याला घरात घेतलंय. मुंज पुढे ढकलता येते, तर अलीकडे ओढायला काय हरकत?

चवथीच्या रजेचा अर्ज ईमेलनं केला. वरून उत्तर आलं : 'तारखा कन्फर्म करून प्लीज रिव्हर्ट बॅक.' 'रिव्हर्ट' म्हणजेच मागे जाणं, त्यावर आणखी 'बॅक', म्हणजे मी गणपतीला गावी जायचं की पाठमोरा चालत ऑफिसात यायचं? असं खरमरीत उत्तर टाइपही केलं. तेवढ्यात बायकोचा फोन, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान कधी आणायचं?

सगळं पुसलं आणि लिहिलं, 'शुअर सर, विल रिव्हर्ट बॅक.'