‘हे वॉरंटीत येत नाही’

चवथीच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे सोळा पानं उठली आणि रात्री डिशवॉशरमधून काढलेल्या पेल्याच्या तळाशी मला खतखत्याच्या भाजीतलं तेफळ सापडलं. धुतलेल्या, वाळलेल्या, अजून कोमट असलेल्या पेल्यात. ताटांच्या कडेने हळदीची पिवळी रेघ, वाट्यांना बोट लावलं की तेलकट. सासूबाईंनी तो पेला उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मोरीकडे गेल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला मात्र आतून थोडा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. कारण माझ्याकडे वॉरंटी होती. वाढीव वॉरंटी! लॉकडाऊनमध्ये सहा-सात महिने भांडी घासून बोटांची सालं निघाली होती, म्हणून २०२० च्या दिवाळीत आम्ही हे मशीन घेतलं. कंपनीची दोन वर्षं होतीच. दुकानातला पोरगा बिल करता करता म्हणाला, "मॅडम, दोन वर्षांनंतर नुसता पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेला तरी दहा-बारा हजारांना पडेल. हे फक्त चार हजार सातशे. पुढची तीन वर्षं टेन्शन नाही." मी बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई. कर्ज मंजूर झालेल्या गिऱ्हाइकापुढे विम्याचा फॉर्म सरकवताना मी स्वतः अगदी हाच सूर लावलेला आहे. तरीही सही केली. नवी वस्तू घेतल्याच्या आनंदात माणूस जरा घाबरटही होतो, आणि तो क्षण त्या पोराला बरोबर ठाऊक होता.

तर, पाच वर्षांत पहिल्यांदा त्या कागदाचा उपयोग होणार होता. तक्रार नोंदवली. सहाव्या दिवशी टेक्निशियन आला. मुलगा नम्र होता, चपला बाहेर काढून आला, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने दार उघडलं, आत टॉर्च मारला, जाळी बाहेर काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "मॅडम, हे वॉरंटीत येत नाही." अन्नकणांनी जाळी तुंबणं, फवाऱ्याची भोकं बुजणं, पाइप चोंदणं ही सगळी ग्राहकाने करायची देखभाल. वर त्याचं निदान असं, की तुमचं पाणी जड आहे, ते मऊ करायला मशीनमध्ये घालतात ते मीठ जास्त टाका आणि हे क्षार काढायचं पाकीट घ्या. पाकिटासकट बाराशे रुपये झाले. मशीन त्याने एकदा रिकामं चालवून दाखवलं. रिकामं मशीन काय, स्वच्छच दिसणार.

तो गेल्यावर मी पहिल्यांदा ते करारपत्र चष्मा लावून वाचलं. प्लास्टिकचे भाग नाहीत. रबरी भाग नाहीत. गंज नाही. उंदीर, झुरळं, मुंग्या नाहीत. विजेचा दाब वरखाली झाल्याने झालेलं नुकसान नाही. आता गोव्यात घरातल्या यंत्रांना नेमकं काय होतं सांगा बरं? मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात वीज कडाडते तेव्हा बोर्ड जळतात. पावसात उंदीर वायर कुरतडतो. माझ्या नणंदेचं घर कळंगुटला, समुद्र हाकेच्या अंतरावर. तिच्या वॉशिंग मशीनचा पत्रा खालून पापडासारखा झाला. म्हणजे हा कागद लिहिणाऱ्याने आमच्या आयुष्याचा अभ्यास करूनच काय काय वगळायचं ते ठरवलं की काय, असा संशय यावा.

हिशोबही बघा. वाढीव वॉरंटी सुरू होते ती कंपनीची संपल्यावर. पैसे २०२० मध्ये दिले, संरक्षण २०२२ च्या शेवटी सुरू झालं. यंत्रं बिघडण्याचा एक ठराविक आलेख असतो, इंजिनियर लोक त्याला बाथटबचा आलेख म्हणतात. कारखान्यातून दोष घेऊन आलेलं यंत्र सुरुवातीलाच बिघडतं, तो बाथटबचा एक चढ. झीज होऊन बिघडतं ते बऱ्याच वर्षांनी, तो दुसरा चढ. मधला तळ सपाट. पहिला चढ कंपनीच्या वॉरंटीत जातो, दुसरा चढ येईपर्यंत वाढीव वॉरंटी बहुधा संपलेली असते. आपण पैसे मोजतो ते सपाट तळाचे! माझा भाचा अशाच एका दुकानात दोन वर्षं होता. टीव्ही विकल्यापेक्षा टीव्हीबरोबरची वॉरंटी विकल्यावर त्याला इन्सेंटिव्ह जास्त मिळायचा, हे त्यानेच सांगितलं. मला कोणी विचारलं असतं तर पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं, असंही म्हणाला. पण विचारतं कोण!

असो. त्या रविवारी मी स्वतः हात घातला. आधी प्लग काढला, पाण्याची तोटी बंद केली.

खालचा ट्रे काढला की तळाशी गोल जाळी दिसते. डावीकडे फिरवली की निघते. एक मोठ्या भोकांची, एक बारीक, आणि खाली सपाट पत्र्याची, अशी तीन भागांत. मी ती दर महिन्याला नळाखाली धरायचे आणि स्वतःला टापटिपीची समजायचे. पण तिचे भाग एकमेकांतून सुटतात हेच मला माहीत नव्हतं. आतमध्ये उकड्या तांदळाची शितं, मोहरी, माशाचे खवले, अर्धी टूथपिक, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा खोबऱ्याच्या तेलाचा पिवळट लेप. रोज वाटण घालणाऱ्या घरातली चरबी थंड झाली की मेणासारखी बसते. कढत पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, वीस मिनिटं. जाळीच्या खालच्या खळग्यातलं पाणी स्पंजने टिपून घेतलं. तिथे सरळ बोटं घालू नका, फुटलेल्या काचेचा तुकडा असू शकतो. माझ्याकडे होता.

मग फिरणारे हात, म्हणजे स्प्रे आर्म. खालचा नुसता वर ओढला की येतो, वरच्याला एक प्लास्टिकची फिरकी असते. कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळा! खिडकीच्या उजेडात धरला तर वरच्या हाताच्या निम्म्या भोकांतून उजेडच येईना. भोकांत काय होतं माहितीये? नारळाची शेंडी. किसताना निसटणारे ते बारीक तंतू जाळीच्या फटीतून जातात आणि भोकाशी येऊन आडवे बसतात. एक अडकला की त्यावर दुसरा, मग त्यावर रवा, त्यावर तेल.

काढायचे कशाने? टाचणीने भोक मोठं व्हायची भीती, टूथपिक आत मोडते. शेवटी केरसुणीतला एक हीर उपसला. माडाने अडवलं, माडानेच सोडवलं. सासूबाई एव्हाना खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी राख आणि सोडण, म्हणजे नारळाचा काथ्या, घेऊन विहिरीपाशी भांडी घासलेली. त्या म्हणाल्या, "अगो, म्हणजे आम्ही नारळाने भांडी घासत होतो, आणि तुझं मशीन नारळाने आजारी पडतं?"

हे मशीन मुळात करतं काय, तर पाणी फेकतं. बस. घासत नाही. अमेरिकेत जोसेफीन कॉक्रेन नावाच्या बाईने १८८६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्याचीही युक्ती हीच होती: भांडी तारेच्या कप्प्यांत घट्ट बसवायची आणि त्यांच्यावर जोराने गरम पाणी मारायचं. आपल्या मशीनमधले हात फिरवायला वेगळी मोटर नसते. तिरक्या भोकांतून पाणी सुटतं त्याच्याच धक्क्याने ते फिरतात. भोकं बुजली की जोर गेला, जोर गेला की फिरणं गेलं, आणि मग तीन तास पंप एकाच वाटीला अंघोळ घालत बसतो.

म्हणून हात परत बसवल्यावर एक परीक्षा घ्या. दोन्ही हात दाराकडे तोंड करून ठेवा, मशीन सुरू करा, पाच-सात मिनिटांनी थांबवून हळूच उघडा. जागा बदललेली हवी. माझा खालचा फिरला होता. वरचा जिथल्या तिथे.

इथे मी खरं तर हार मानून पुन्हा फोन करणार होते. पण आमच्या शेजारी नळाची कामं करणारे एक भाई आहेत, ते मोटर बघायला आले होते. त्यांनी लांबूनच ऐकलं आणि म्हणाले, "वयनी, उदक कमी पडटा. पायपाची चाळण पळयली?" म्हणजे पाणी कमी पडतंय, पाइपची जाळी बघितली का. मशीनच्या मागे पाण्याचा पाइप जोडतात त्या तोंडाशी रुपयाएवढी एक जाळी असते. तोटी बंद करून पाइप सोडला, पकडीने ती जाळी ओढली, तर विटेच्या रंगाची. लाल गाळ. फोंड्याला पाणी येतं ओप्याहून, खांडेपार नदीचं. पावसाळ्यात ते कसं येतं ते इथल्यांना सांगायला नको, आणि वाटेत पाइप फुटून जोडला की पुढचे दोन दिवस नळातून चहाच येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली होती तेव्हा तर पणजीलासुद्धा कित्येक दिवस कोरड पडली होती. मशीनने पाच वर्षं हे सगळं चहापाणी गाळून त्या रुपयाएवढ्या जाळीत साठवलं.

त्यात आमची टाकी स्लॅबवर. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी मशीनपासून जेमतेम पाच मीटर वर, म्हणजे अर्धा बार. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत किमान तेवढाच मागितलाय. काठावर पास होणारं पोर, त्याला ताप आला की नापासच. जाळी धुतली आणि वरचा हात फिरायला लागला. नवा खर्च शून्य. हीर तर घरचाच.

एक गोष्ट राहिली, काचेचे पेले. ते धुरकटच. टेक्निशियनने सांगितलं होतं पाणी जड आहे. मशीनबरोबर आलेली पाण्याचा जडपणा तपासायची पट्टी पाच वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती. बुडवली. माझं पाणी मऊ निघालं, अगदी खालच्या रकान्यात! म्हणजे मी मऊ पाण्यात पाच वर्षं मीठ ओततेय, आणि वर साबणाची पूर्ण गोळी टाकतेय. फरक ओळखायची सोपी खूण: धुरकट काचेवर लिंबाचा रस चोळा. डाग गेला तर क्षार आहेत, लिंबूसत्त्व टाकून मशीन रिकामं चालवा. नाही गेला तर काच झिजलीये, कारण फार मऊ पाणी आणि भरपूर साबण मिळून काच खातात, आणि ते परत येत नाही. माझे सहा पेले कायमचे गेले. मिठाची सेटिंग सर्वांत खाली आणली, गोळी सोडून पावडर घेतली, तीही थोडी. पण हे माझ्या नळाचं झालं. तुमच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वेगळं असेल, ऐकीव गोष्टीवर मीठ टाकूही नका आणि थांबवूही नका.

जाता जाता: भांडी आधी धुऊन मशीनमध्ये घालणाऱ्यांनो, उष्टं फक्त खरवडा. पावडरीत एन्झाइम असतात, त्यांना काम लागतं. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि बिडाचा तवा मात्र बाहेरच. एक काळं पडतं, दुसऱ्यावर गंज चढतो. आणि पावडरीचा डबा पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा, नाहीतर तिचा दगड होतो.

मला त्या बाराशे रुपयांचा राग आहेच, पण खरी चिडचिड वेगळी आहे. पाच वर्षांत मी त्या मशीनच्या मागे एकदाही डोकावले नाही, कारण माझ्या डोक्यात होतं की वॉरंटी आहे, उगाच हात लावला तर रद्द होईल. जो मिक्सरचा कार्बन स्वतः बदलतो, गॅसचा बर्नर पिनने साफ करतो, तोच माणूस चार हजार सातशे रुपये भरले की एकदम पाहुणा होऊन बसतो. मी पैसे देऊन आळस विकत घेतला, आणि शेवटी निघाली ती जाळीच, जी साफ करायला कंपनी पुस्तिकेत पहिल्यापासून सांगत होती.

मशीनचं पोट मी उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. हीटर, बोर्ड, तळातली वायरिंग, तिथे पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात. तिथे माहीतगार माणूस बोलवायचा, रोख पैसे द्यायचे. त्यासाठी मी बँकेत वेगळी आवर्ती ठेव उघडलीये, महिन्याला तीनशे. फ्रिज, मिक्सर, पंप, डिशवॉशर, सगळ्यांना मिळून. ज्याला गरज पडेल त्याला त्यातून, उंदराने कुरतडलेल्या वायरीलासुद्धा.

काही जण विचारतील, ग्राहक आयोगात का नाही गेलात. जाता येतं. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्कही नाही. पण सही माझी होती, अटीही छापलेल्याच होत्या. शिवाय केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, घरगुती उपकरणं त्यात आहेत. आपल्या मशीनचं काय मिळतं ते तिथे बघा.

परवा त्या वाढीव वॉरंटीवाल्यांचा फोन आला. मुदत संपलीये, रिन्यू करा, आता ऑफर आहे. मी विचारलं, "नारळाची शेंडी कव्हर होते का?" तिकडची मुलगी जरा थांबली. "सॉरी मॅडम, कशाची?" मी पुन्हा सांगितलं. सिनियरला विचारते म्हणाली आणि मला संगीत ऐकायला लावून गेली. तोवर मी फोन खांद्यात धरून वरचा ट्रे रिकामा केला.