मेंदूतल्या किड्याचा हिशोब कोण ठेवणार?

कृपा करून त्या बिचाऱ्या कोबीला आता सोडा. परत एकदा तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरायला लागलाय, कोबीचं पान, त्यावर लाल गोल आणि खाली 'हा किडा शिजवूनही मरत नाही, थेट मेंदूत जातो'. सिंधुदुर्गात कुडाळजवळ माझं मेडिकल आहे आणि हे वाचून घाबरलेली माणसं माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून आज सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

कोबीत जी हिरवी अळी दिसते ती मेंदूत जात नाही. मेंदूत जाऊन बसतात ती टेपवर्मची पिल्लं, फीतकृमी म्हणा हवं तर, आणि ज्या अंड्यांतून ती निघतात ती अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ही अंडी येतात कुठून तर माणसाच्या शौचातून. कोबीतून नाही, डुकराच्या मटणातूनसुद्धा नाही. इथेच सगळ्यांची गल्लत होते. डुक्कर उघड्यावरची घाण खातं, अंडी त्याच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात गाठी होतात. ते मांस कच्चट राहिलं आणि कोणी खाल्लं तर त्या माणसाच्या आतड्यात जंत वाढतो, शिंप्याच्या टेपसारखा चपटा, दोन ते सात मीटर लांब, आणि वर्षानुवर्षं राहतो. त्या माणसाला बऱ्याचदा काही त्रास नसतो, फार तर शौचात पांढरे चपटे तुकडे पडतात, आणि त्या एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. मग तो माणूस हात नीट न धुता भाकरी थापतो, कोशिंबीर करतो, नाहीतर त्याची घाण शेताच्या पाण्यात जाते, आणि ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते. तो शाकाहारी असला, माळकरी असला तरी होऊ शकते.

मागे एक आई चिठ्ठी घेऊन आली होती. फिटची गोळी, अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाचा कोर्स, सोबत स्टिरॉइड. ही तीन नावं एका चिठ्ठीवर दिसली की मला न विचारता कळतं काय झालंय ते. पोराला वर्गात आकडी आली होती, एमआरआयमध्ये गाठ दिसली. ती म्हणाली, "भाऊ, आमच्या घरात डुकराचा मटाण कोण खाणा नाय, मगे ह्यो किडो इलो खयसून?" तिचा प्रश्न एकदम बरोबर होता. आणि माझा मुद्दा हाच आहे की हा प्रश्न आपल्याकडे फक्त आईच विचारते, सरकारी यंत्रणा विचारत नाही. पोराला औषध मिळालं, चांगलं झालं, पण ज्याच्या पोटात तो जंत आहे तो माणूस घरात आहे, शेजारी आहे की टपरीवर वडे तळतोय हे बघायला कोणी गेलं का? मी तरी आमच्या भागात कधी ऐकलं नाही.

असा शोध लागतो, हे झालेलं आहे. १९९० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये सनातनी ज्यू लोकांच्यात फिट आलेले पेशंट सापडले, मेंदूत याच गाठी. ते लोक धर्मानेच डुक्कर खात नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या घरात काम करणाऱ्या बायकांचीही तपासणी केली आणि एकीच्या पोटात टेपवर्म मिळाला. आता लगेच कोणी आपल्याकडच्या कामवाल्या मावशींकडे संशयाने बघायला सुरुवात करू नका, हात जोडून सांगतो. त्या बाईला स्वतःलाच माहीत नव्हतं, तीसुद्धा पेशंटच. तिला औषध देऊन विषय संपतो, तिला कामावरून काढून संपत नाही.

आपल्या देशात तर आधी या गाठींना बरेच डॉक्टर टीबीच्या गाठी समजायचे आणि पेशंटला महिनोनमहिने टीबीची औषधं चालायची. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन करून काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक याच किड्याच्या निघाल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हा रोग जिथे मुरलाय अशा बऱ्याच भागांत फिट येणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या मागे हेच कारण असतं. म्हणजे जो त्रास टाळता येतो त्याच्यासाठी मुलांच्या शाळा सुटतायत, मुलींची लग्नं मोडतायत, अंगात आलं म्हणून लोक आधी देवस्कीकडे पळतायत.

मग असे पेशंट आपण मोजत का नाही? आपल्या जिल्ह्यातला पेशंट एमआरआयला गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जातो नाहीतर कोल्हापूरला. नोंद झालीच तर तिकडच्या कागदात, इकडच्या आरोग्य केंद्राला पत्ताच नसतो. आणि असं नाही की आपल्याला मोजता येत नाही. २०१६ ला दोडामार्गात माकडताप आला तेव्हा जंगलात मेलेलं माकड दिसलं तरी कळवायचं हे गावातल्या पोराटोरांना पाठ झालं होतं, आशाताई घरोघरी फिरत होत्या. मलेरियावाले तर आमच्या लहानपणापासून दारात येऊन बोटातनं रक्त काढून नेतायत. तेच इथे करा ना. गाठ सापडली की नाव पत्त्यासकट जिल्ह्याला कळलं पाहिजे, मग त्या घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी, ज्याच्यात जंत मिळेल त्याला औषध, आणि आसपास मोकळी डुकरं फिरतायत का ते बघायला पशुसंवर्धनवाले सोबत. माणसाचा डॉक्टर एका खात्यात आणि जनावरांचा डॉक्टर दुसऱ्याच खात्यात, असं चाललं तर हा रोग हलणार नाही.

पेरू देशाने उत्तरेकडच्या तुंबेस भागात हे करून दाखवलंय. माणसांना जंताचं औषध, डुकरांना औषध आणि लस, शेवटच्या टप्प्यात १०७ गावं, आणि त्यातल्या १०५ गावांत प्रसार थांबला. २०१६ मध्ये ते छापून आलं. आणि याची चीड येते की डुकरांसाठीची ती लस आपल्या हैदराबादमध्ये बनते हो! इंडियन इम्युनोलॉजिकल्सची, २०१६ पासून. कारखाना आपला, पण डुक्कर पाळणारा गरीब माणूस स्वतःच्या खिशातून ती का टोचेल, डुक्कर तर आजारी दिसत पण नाही. ती सरकारने फुकट दिली पाहिजे.

एकट्या सिंधुदुर्गाने करून भागणार नाही हेही कळतं. आपला जिल्हा २०१६ ला ग्रामीण स्वच्छतेत देशातल्या सपाट भागातल्या जिल्ह्यांत पहिला आला होता, संडास बहुतेक घरात आहेत. पण आपली भाजी बेळगाव-कोल्हापूरकडून येते, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी येतात, बोटींवर खलाशी बाहेरचे, आणि त्यातल्या किती जणांना आपण धड संडास दिलाय ते बंदरावर जाऊन बघा. त्यांना नावं ठेवण्याआधी ती सोय करा.

अजून एक, शाळेत जंतनाशक दिनाला जी अल्बेंडाझोलची एक गोळी देतात ती जरूर द्या, पण ती मुख्यतः गोल जंतांसाठी आहे, तिने टेपवर्म जाईलच असं नाही. त्याचं औषध वेगळं आहे आणि ते मनाने घेऊ नका, कारण मेंदूत आधीच गाठ असेल तर काही औषधांनी उलट फिट येऊ शकते. माझ्याकडे मागितलंत तरी चिठ्ठीशिवाय देणार नाही. आणि ज्यांची फिटची गोळी चालू आहे त्यांनी चार महिने आकडी आली नाही म्हणून ती बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायची.