अठ्ठावीस सप्टेंबरचा फळा

शाळेच्या दर्शनी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम कुणाला मिळतं? ज्याचं अक्षर बरं आहे त्याला. इतिहास येतो का, असं कुणी विचारत नाही. माझं अक्षर बरं आहे.

फळा सहा फूट बाय चार फूट. वरचा पट्टा शाळेच्या नावाचा, डावा कोपरा सुविचाराचा, उजवा पटसंख्येचा. उरलेल्या जागेत मानवजातीचा इतिहास बसवायचा. पाच ओळी मावतात, सहावी लाकडी चौकटीवर चढते. वेळ मिळतो फाटक उघडल्यापासून परिपाठाच्या घंटेपर्यंत, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. दोऱ्याला खडूची भुकटी चोळायची, दोन पोरांनी तो ताणून धरायचा आणि मधोमध टिचकी मारायची. रेघ सरळ उठते. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवावा. लिहिताना अक्षर मरतुकडं दिसतं, पण वाळलं की झळकतं आणि दप्तर घासलं तरी पुसलं जात नाही. हा खडूचा गुण की दोष, ते दुसऱ्या दिवशी कळतं.

२८ सप्टेंबर ही तारीख दिसायला सोपी. लता मंगेशकर, जन्म १९२९, इंदूर. झालं? नाही. २०२१ पर्यंत या ओळीच्या शेवटी ‘वाढदिवस’ होता. ६ फेब्रुवारी २०२२ नंतर तिथे ‘जयंती’ आली. गेल्या दहा वर्षांची वही उतरवून काढणारे नेमके इथे सापडतात. उलट चूक त्याहून वाईट. अभिनव बिंद्राचाही जन्म याच तारखेचा, १९८२चा. वरच्या ओळीच्या ओघात त्याचीही जयंती लिहून मोकळं झालं, तर ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवूनही माणसाच्या वाट्याला काय यावं! ‘पुण्यतिथी’ हा शब्द तर मी टाळतोच. तारखेनं पाळायची आणि म्हणायचं तिथी. ‘स्मृतिदिन’ लिहावं, भांडण मिटतं.

इंदूरपुढे ‘मध्य प्रदेश’ लिहायला हात शिवशिवतो. लिहू नये. १९२९ साली इंदूर होळकरांच्या संस्थानात होतं. आजचं मध्य प्रदेश राज्य १ नोव्हेंबर १९५६चं. हे फार बारकाईचं वाटत असेल, तर पुढची ओळ भगतसिंगांची आहे. जन्म १९०७, गाव बंगा, जिल्हा लायलपूर. ते गाव आज पाकिस्तानात आहे. एकदा ‘जन्म : पाकिस्तान’ असं लिहून बघा, दुपारच्या खिचडीआधी मुख्याध्यापकांच्या खोलीत किती खुर्च्या लागतात ते कळेल. ‘तेव्हाचा पंजाब’ लिहावं. खरंही आहे आणि खुर्च्याही लागत नाहीत. त्यात काही पुस्तकं त्यांचा जन्म २७ तारखेचा सांगतात. चंडीगडच्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं ते २८ सप्टेंबर २०२२ला, म्हणून मी २८ धरतो. २७ला लिहिणाऱ्या शेजारच्या शाळेशी वाद घालत नाही. हुतात्म्याला दोन दिवस अभिवादन झालं तर बिघडलं कुठे?

लतादीदींच्या ओळीत थोडी जागा उरते आणि तिथे घात होतो. कुणीतरी मागून सुचवतं, ‘पंचवीस हजार गाणी, गिनीज बुक!’ गिनीजनं १९७४च्या सुमारास तो आकडा छापला होता खरा, १९४८पासूनच्या गाण्यांचा. महंमद रफींनी त्यावर आक्षेप घेतला आणि पुढे ती नोंदच गळली. पण आक्षेपापर्यंत जायलाही नको, भागाकार पुरतो. पंचवीस हजारांना सव्वीसनं भागा : वर्षाला साडेनऊशेच्या वर, म्हणजे रोज अडीच गाणी. रविवार नाही, दिवाळी नाही, घसा बसणं नाही. आकडा फळ्यावर चढवण्याआधी बोटावर मोजावा. त्याऐवजी ‘भारतरत्न, २००१’ लिहावं, जागाही कमी लागते.

तारीख एका दिवसानं सरकणं हा या धंद्यातला जुना रोग. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ त्यांनी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलं ते २७ जानेवारी १९६३ला. पण प्रजासत्ताक दिनाच्या शेजाराची ओढ अशी, की निम्मे फळे २६ म्हणतात. रात्री घडलेल्या गोष्टी तर दोन तारखांत लटकतात. २०१६चा सर्जिकल स्ट्राइक २८ आणि २९च्या मधल्या रात्रीचा. तो कोणत्या फळ्यावर घ्यायचा, हे दर वर्षी नव्यानं ठरतं.

माइल्स डेव्हिस हा जाझचा मोठा ट्रम्पेटवादक १९९१ साली याच दिवशी गेला. लिहिलं तर ‘हे कोण?’ म्हणून विचारतात, म्हणून लिहीत नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंगला मात्र वगळता येत नाही. पेनिसिलीनच्या शोधाची तारीख म्हणून २८ सप्टेंबर १९२८ रूढ आहे. गडी सुट्टीवर गेला तो जंतू वाढवायच्या काचेच्या बशा टेबलावर तशाच रचून. परत आला तर एका बशीत बुरशी, आणि बुरशीभोवतीचे जंतू गायब. शोध थोर, पण डाव्या कोपऱ्यात सुविचार असतो ‘स्वच्छता हाच परमेश्वर’. दोन्ही एकाच फळ्यावर वाचून सातवीची पोरं डबे न धुता घरी नेतात आणि आयांना पेनिसिलीन सांगतात.

सणांचं तर विचारूच नका. २०१९ला याच तारखेला सर्वपित्री अमावास्या होती, २०२२ला नवरात्राची तिसरी माळ. २०२३ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले आणि सरकारनं ईदची सुट्टी २९ला नेली. म्हणून सण वहीतून नव्हे, त्या वर्षीच्या कॅलेंडरवरून घ्यावेत. अमावास्येला ‘हार्दिक शुभेच्छा’ गेल्या की आठवडाभर लोक नमस्कार करताना हसतात.

शेवटची ओळ जागतिक रेबीज दिनाची. रेबीजची लस शोधणारा लुई पाश्चर १८९५ साली २८ सप्टेंबरला गेला, म्हणून या तारखेला हा दिवस. इथेही ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहू नयेत. लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याऐवजी लिहावं : कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची लावू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा जमाना गेला, आता लस दंडात घेतात. अख्ख्या फळ्यावर कामाची ओळ ही एकच, आणि ती सगळ्यात खाली असल्यामुळे पहिल्या रांगेतल्या पोरांच्या डोक्यांनी झाकली जाते. शेजारी चित्रकलेतल्या कुणीतरी पिवळ्या खडूनं कुत्रा काढलेला असतो. तो सगळ्यांना दिसतो.

दुसऱ्या दिवशी २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन. कोरडं डस्टर झालं, ओलं फडकं झालं, शिपाईमामांनी नारळाची शेंडीही घासली. साखरेचं पाणी ते. लाल खडूनं काढलेल्या हृदयातून पिवळं शेपूट बाहेर आलेलं असतं, आणि परिपाठाला उभी अख्खी शाळा विचारत असते, सर, हा कुठला आजार?