टेबल वर घ्यायला अजून गुडघाच लावायचा का?

बस्स झालं आता. सकाळपासून सहाव्यांदा ड्रिल मशीनचं टेबल वरखाली केलं आणि सहाव्यांदा सेंटर गेलं, म्हणजे भोकाची धरलेली जागा ड्रिलच्या टोकाखालून सरकली.

साकीनाक्याला माझा छोटा गाळा आहे. त्यात बाबांनी १९८७ साली दारूखान्याच्या भंगार बाजारातून आणलेली पिलर ड्रिल मशीन आहे, उभ्या खांबावरची. २० मिमीचं भोक पाडा, आजही थरथर नाही. बेअरिंगं दोनदा बदलली, पट्टे किती बदलले त्याला गणती नाही, बाकी मशीन ठणठणीत. फक्त टेबल उचलायची सोय नाही. ना रॅक (दातेरी पट्टी), ना हँडल. मागचा बोल्ट पान्याने सैल करायचा आणि ते बिडाचं टेबल ब्रॅकेटसकट अंगावर घ्यायचं. एकदा काट्यावर ठेवून पाहिलं, २५ किलो भरलं. वर जॉब पकडायचा व्हाइस असेल तर आणखी दहा-बारा.

एक गुडघा टेबलाखाली, डावा हात ब्रॅकेटला, उजव्या हातात पाना आणि मान वर करून नजर ड्रिलच्या टोकावर. असं दिवसातून पंधरा वेळा. कधी पत्र्याचा जॉब येतो, कधी व्हाइसमध्ये उभा धरलेला ठोकळा, त्यामुळे टेबल एका जागी राहूच शकत नाही. आणि कॉलम, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं तो खांब, गोल. बोल्ट सैल झाला की टेबल नुसतं खाली येत नाही, फिरतंही. आखूड सेंटर ड्रिलने नेमकी जागा धरावी, मग १० मिमीचं लांब ड्रिल चकमध्ये बसेना म्हणून टेबल दोन इंच खाली घ्यावं, की गेलं सेंटर. पुन्हा टोक जुळवा, पुन्हा आवळा. आवळतानाही टेबल केसभर सरकतंच.

तेल लागलेल्या कॉलमवरून टेबल सटकलं तर काय होतं ते मी लहानपणीच पाहिलंय. बाबांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलं होतं, मधोमध चिरलेलं. शर्टाचं बटण लावताना ते नख काजात अडकायचं. मागच्या मंगळवारी माझ्याकडच्या पोराचा हात तिथेच होता. टेबल आठ इंच खाली आलं आणि बेसवर आदळलं. त्याने हात वेळेत काढला म्हणून बोटं राहिली. एकोणीस वर्षांचं पोर आहे ते. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?

आणि संताप कशाचा येतो सांगू? ब्रॅकेटच्या उजव्या अंगाला बिडातच एक फुगवटा ओतलेला आहे. पिनियनचा, म्हणजे रॅकवर फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा, दांडा बसवायची जागा आहे ती. म्हणजे बनवणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, त्याच्या साच्यातही ते होतं. तिथे एक भोक पाडून दातेरी पट्टी आणि चाक द्यायचं, तर ते वाचवलं! त्याचे चार पैसे वाचले आणि पस्तीस-चाळीस वर्षं आमच्या कमरा गेल्या.

म्हणून ठरवलं, आपणच बसवू. हिशोब सरळ आहे. २ मॉड्यूलचा रॅक (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप, मिमीमध्ये) आणि १८ दातांचं पिनियन. पिनियनची त्रिज्या १८ मिमी, हँडल १८० मिमी लांब. म्हणजे २५ किलोचं टेबल हाताला अडीच किलो लागेल, घर्षणाचं थोडं वर धरा. रॅक कॉलमला वेल्ड करायचा नाही, वर-खाली दोन कॉलरमध्ये सैल धरायचा, म्हणजे टेबल बाजूला वळवलं की रॅकही त्याच्याबरोबर कॉलमभोवती फिरतो. वर्म (स्क्रूसारखा आट्यांचा गिअर) लावला तर हँडल सोडलं तरी टेबल जागेवर राहतं, पण मला वर्मही नको. बोल्ट आवळेपर्यंत मी हँडल धरून ठेवीन. रॅकने सेंटर आपोआप राहत नाही हेही मला कळतं, कॉलम गोल तो गोलच. पण वजन हँडलवर गेलं की दुसऱ्या हाताने टेबल टोकाखाली आणता येतं. तेवढंच हवंय मला.

नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो. पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "पुराना भंगार में डालो, राजकोट का नया ले जाओ." दुसरीकडे तेच. अरे, भंगारात का घालू? या मशीनची भोकं सरळ पडतात! तिसऱ्याकडे रॅक होता, पण मीटरभर पट्टी घ्यायची, कापून मिळणार नाही. मला लागतो ४५० मिमी. घेतला अख्खा, तेलकट कागदात गुंडाळून मस्जिदहून स्लो लोकलने घाटकोपरला आणला, लोकांची बोलणी खात.

मग पिनियन. एक जण म्हणाला पन्नास नग असतील तर बोला. दुसऱ्याने घेतलं काम, तीन आठवडे "उद्या या, परवा या" केलं आणि हातात दिलं १२ डीपीच्या कटरने कापलेलं चाक. मी कागदावर लिहून दिलं होतं, २ मॉड्यूल! डीपी हे दाताचं इंचातलं माप, १२ डीपी म्हणजे २.१२ मॉड्यूल. रॅकच्या दोन दातांत ६.२८ मिमी अंतर, याच्या दातांत ६.६५. वर म्हणतो, "चालून जाईल, घासून घासून बसेल." कसं बसेल? दुसरा दात लागायच्या आत पहिला अडकतो. मी त्याच्यासमोर रॅकवर फिरवून दाखवलं, कटकट वाजून थांबलं, तरी पैसे परत नाहीत.

सल्ले देणारे तर ढिगाने. गाडीचा जॅक लाव म्हणे. तो बेसवर बसला की टेबल बाजूला वळवून मोठा जॉब बेसवर घ्यायचं संपलं. दुसरा म्हणतो कॉलमच्या पोकळीत वजन सोड, दोरी आणि पुली लाव. ते रिकाम्या टेबलाला ठीक. वर व्हाइस आणि जॉब चढला की तोल कुठे राहतो?

कॉलर दोन्ही तयार आहेत, ८० मिमीच्या कॉलमवर हलक्या हाताने फिरतात. रॅक कापून भिंतीवर खिळ्याला टांगलाय. फुगवट्याला भोक मी स्वतः पाडून घेईन. अडलंय फक्त त्या एका चाकापाशी. मुंबईत कोणी २ मॉड्यूल, १८ दात, दाताचा कोन २० अंश असं एकच पिनियन नीट मोजून कापून देत असेल तर सांगा. एकच नग. पैसे आधी देतो, रॅकचा तुकडा सोबत आणतो, आणि त्याच्यावर फिरवून बघितल्याशिवाय तिथून हलणार नाही.